भिंतीचं नाक

आमची वहिनी भिंती बांधते. सिमेंटचा कण अंगाला लागू न देता, खुर्चीत बसून, माउस फिरवून. लग्न ठरलं तेव्हा दादानं घरात जाहीर केलं होतं, "ती कॉम्प्युटरवर इमारती उभ्या करते." मी विचारलं, "म्हणजे चित्रं काढते?" तर म्हणाला, "चित्रं नाही गं टिमके, खरीखुरी भिंत. आतल्या थरांसकट." मला ओ की ठो कळलं नाही. पण कळलं नाही असं म्हणायची माझ्या जिभेला सवय नाही, म्हणून मी म्हटलं, "बरं झालं, भिंतीत खिळा ठोकायला घरातलंच माणूस मिळालं."

टिमकी हे माझं घरातलं नाव. लहानपणापासून तोंड सारखं वाजत असतं म्हणून पडलेलं. कोपऱ्यावर माझं शिवणकामाचं दुकान आहे, एक मशीन, एक आरसा आणि गळ्यात टेप अडकवलेली मी. तिथं गिऱ्हाईक कमी बोलतं आणि मी जास्त. वहिनी बरोब्बर माझ्या उलट. दहा प्रश्न विचारावेत तेव्हा एक उत्तर येणार, तेही अर्धं हसण्यात जाणार. तिच्या ऑफिसात तिला सगळे भिंतीताई म्हणतात आणि तिला त्याचं काही वाटत नाही.

तिचं काम मला कळलं ते एका सुट्टीच्या दिवशी. लॅपटॉप घरी आणला होता, मी मागून डोकावले. तिनं एक भिंत उभी केली आणि तिला मधोमध कापून दाखवलं. "हे बघ. बाहेरून प्लास्टर, मग वीट, मग ऊन अडवणारा हा पिवळा थर, मग आतलं प्लास्टर, सगळ्यात वर रंग."

"अगं, हा तर कोट आहे!" मी ओरडले. "वरचं कापड, मधला कॅनव्हास, आतून अस्तर!"

वहिनी माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "ऑफिसात नवीन माणूस आला की मी दोन दिवस हेच समजावत बसते." त्या दिवसापासून आमचं जमलं. तिनं मला सांगितलं, प्रत्येक जातीच्या भिंतीला एक नाव द्यावं लागतं. त्या नावाखाली सगळे थर लिहून ठेवायचे, मग एका जागी प्लास्टर जाड केलं की त्या नावाच्या सगळ्या भिंती इमारतभर जाड होतात. कुठली भिंत वरचा भार घेते, कुठली नुसती आडोसा आहे, तेही सांगावं लागतं. खांब आणि तुळया इंजिनिअरकडून येतात, त्या तिच्या भिंतींत बसवायच्या. आणि तिथंच तिचा हात धरणारं कुणी नाही. खांब जाड असतो, भिंत बारीक असते, त्यामुळे खांब भिंतीतून बाहेर डोकावतो. लोकांना ते डोळ्यांसमोर नको असतं. वहिनी भिंतीला अलगद एक थर चढवते, दार इंचभर सरकवते आणि खांब गायब. अंगावर नीट बसलेल्या शिवणीसारखं काम. मी तोंडावर कौतुक केलं नाही, पण दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं.

आई रोज संध्याकाळी तिला विचारायची, "आज किती बांधल्यास?"

"दोन मजले, आई."

"बाई गं! दमली असशील. बस जरा."

आणि वहिनी खरंच दोन मजले विटा वाहून आल्यासारखी हुश्श करून बसायची. दोघींचा हा रोजचा खेळ होता.

आता आमच्या जुन्या घराबद्दल सांगते. दुसऱ्या मजल्यावर होतं. हॉलमधून आत जायला एक बोळ होता आणि त्या बोळात डाव्या हाताला, स्वयंपाकघराच्या दाराच्या जरा अलीकडे, एक खांब भिंतीतून बाहेर आलेला होता. चार बोटं बाहेर. बांधणाऱ्यानं तो तसाच सोडून दिला होता. आम्ही त्याला नाक म्हणायचो. घरात आलेला प्रत्येक माणूस त्याच्यावर एकदा तरी आपटायचा. बाबा तर रोज आपटायचे, रोज त्या कंत्राटदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि आई आतून विचारायची, "बसला का?"

वहिनी लग्न होऊन आली, त्या दिवशी पाण्याचे ग्लास घेऊन आत निघाली होती. खाडकन कोपर बसलं. ग्लास खाली, पाणी सगळीकडे, नवरीच्या डोळ्यांत टचकन पाणी. आई बाहेर आली, तिनं वहिनीचं कोपर आपल्या हातात घेऊन चोळलं आणि म्हणाली, "बसला ना? झालीस आता घरची." तशी वहिनी रडता रडता हसायला लागली. माझ्या मते ती आमच्या घरात आली ती तेव्हा.

बाबा गेले त्यानंतर आईची नजर मंदावत गेली. विचारलं की म्हणायची, "जरा धूसर दिसतं एवढंच. वय झालं." आणि आम्ही विश्वास ठेवायचो, कारण तिचं सगळं नीट चालायचं. सकाळचा चहा तिचा. भाजी निवडायची, कपड्यांच्या घड्या घालायची, डब्यांवर हात फिरवून हवा तो डबा काढायची. चालताना एक हात भिंतीवर असायचा. आम्हाला वाटायचं, आधाराला धरते.

मग इमारतीच्या आतल्या लोखंडाला गंज लागला, छताचे पोपडे पडायला लागले. सगळ्या घरांनी मिळून ठरवलं की पाडून त्याच जागी नवीन बांधायची. नकाशाचं काम आलं ते नेमकं वहिनीच्या ऑफिसात. आम्ही खूश. थोड्या गल्ल्या सोडून भाड्याची जागा बघितली आणि सामान हलवलं.

त्या नव्या जागेत पहिल्याच दुपारी आई म्हणाली, "थांबा, चहा मी करते." उठली आणि सरळ कपाटाच्या उघड्या दारावर जाऊन आदळली. दादा धावला, तर हातानं त्याला थांबवून ती चाचपडत दुसरीकडे गेली, भिंतीला लागली आणि तिथंच उभी राहिली. मग म्हणाली, "कुणीतरी दिवा लावा गं."

भर दुपार होती. सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. शेवटी दादा गेला आणि त्यानं बटण दाबून दिवा लावला. "लावला, आई," म्हणाला.

डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, आणि हे आजचं नाही, बऱ्याच दिवसांचं आहे. म्हणजे बाई आमच्या डोळ्यांदेखत न बघता घर चालवत होती आणि आम्ही डोळे असून बघत नव्हतो. जुन्या घराच्या भिंतींनी तिला सांभाळून घेतलं होतं. या भाड्याच्या घरात ती एकदा पडली, मग दुसऱ्यांदा पडली आणि त्यानंतर पलंगाच्या कडेला बसली ती बसलीच. आधी हाक मारायची, "पाणी देता का कुणी?" मग हाकही मारेना. कुणी समोर आलं की तेव्हा मागायची. एक दिवस दादा विचारत होता, नव्या घरात तुला कुठली खोली हवी, तर म्हणाली, "मला कुठेही ठेवा."

मी अशी खवळले! "ठेवा म्हणजे? तू काय लोणच्याची बरणी आहेस?" असं वाट्टेल ते बोलले आणि दुकानात येऊन मशीनवर डोकं ठेवून रडले.

संध्याकाळी वहिनी दुकानात आली. स्टूल ओढून बसली. न विचारता बोलली, यावरूनच मला कळलं की काहीतरी गंभीर आहे. "नवं घर आपण आतून जुन्यासारखंच करू या. आतल्या भिंती भार घेत नाहीत, त्या कुठेही घालता येतात. पलंगापासून ओट्यापर्यंत तेवढंच अंतर, तीच वळणं. मी घर सोडायच्या आधी मापं घेऊन ठेवलीत. साहेबांशी बोलले, शेजाऱ्यांची हरकत नाही."

"आणि आई उठेल?"

"उठायला पाहिजे," वहिनी म्हणाली. तिथंही आई पलंगावरच बसून राहिली, तर ती कायमचीच बसणार, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. हे बोलून दाखवायची हिंमत मात्र माझ्यासारखीच्या तोंडालाही झाली नाही.

वहिनी कामाला लागली. ऑफिसचं काम ऑफिसात, आणि आमच्या घराचा तुकडा सुट्टीच्या दिवशी, आईच्या शेजारी पलंगावर बसून. आई विचारायची, "आज किती बांधल्यास?" आणि वहिनी सांगायची, "आज तुमची खोली झाली." घर स्क्रीनवर उभं राहिलं, रंगासकट. पण जिच्यासाठी उभं केलं तिला कसं दाखवणार? वहिनीनं आईचा तळहात घेतला आणि बोटानं त्यावर नकाशा काढायला लागली. आईला गुदगुल्या झाल्या. "अगं, हात संपला, घर अजून उरलंय," म्हणाली. बऱ्याच दिवसांनी हसली.

तेव्हा मला सुचलं. हो, मलाच सुचलं, टिमकी वाजवायची संधी मी सोडत नाही. वहिनीकडून नकाशा मोठ्या कागदावर छापून घेतला, जाड कॅनव्हासवर टाचला आणि जिथं जिथं भिंत तिथं तिथं कापडाखाली जाड दोरी घालून शिवत गेले. दारापाशी दोरी सोडली. शेगडीच्या जागी दोन बटणं, पलंगाच्या जागी मखमलीचा तुकडा. दुकानात गिऱ्हाइकांचे कपडे अडून राहिले तर राहिले.

कापड आईच्या मांडीवर ठेवलं. दादा, वहिनी, मी, तिघं तिच्यासमोर जमिनीवर बसलो. तिची बोटं फिरायला लागली. "ही बाल्कनी. हे मुख्य दार. हा माझा पलंग, अगं बाई, मखमल!" बोट पलंगावरून उतरलं, दारातून बाहेर पडलं, बोळात शिरलं, डाव्या भिंतीवरून पुढे गेलं आणि थांबलं. मागे आलं. परत गेलं. परत थांबलं.

"इथलं काहीतरी राहिलंय," आई म्हणाली.

"काहीही राहिलेलं नाही," मी म्हटलं. "कागदावर टाका घातलाय मी. एक रेघ इकडची तिकडे नाही."

"मग नाक कुठाय?"

मी वहिनीकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग हळूच म्हणाली, "मी काढलं ते, आई. म्हणजे मुद्दाम नाही. मापं भरताना ती भिंत पुढे आलेली दिसली आणि माझा हात आपोआप गेला. थर चढवला आणि सरळ केली. दिवसभर मी तेच करते ना." मग आणखी हळू आवाजात, "नव्या इमारतीत तिथं खांबच नाही. इंजिनिअरनं सगळे खांब कोपऱ्यांत नेलेत. नाक येणार कुठून?"

आईनं कापडावरून हात काढला. "तेच माझं निशाण होतं गं. हात भिंतीवरून जायचा, नाक लागलं की थांबायचं. कोपर नाकाला टेकवलं की पंजा बरोबर दाराच्या चौकटीवर यायचा. मग वळायचं." मग म्हणाली, "पण राहू दे. नव्या घराला कुठे नाक ठेवतात? तुम्हाला सगळ्यांना ते लागायचंच. तुम्ही तरी सुखानं चाला."

कापडाची घडी घालायला लागली. दादा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. तो बस चालवतो, भर गर्दीत कधी चिडत नाही की गडबडत नाही, पण त्या दिवशी त्याला नाक ओढताना मी ऐकलं.

"आई, उभ्या राहा," वहिनी म्हणाली.

"कशाला?"

"उभ्या राहा म्हणते ना."

वहिनी अशी बोलते? आई मुकाट्यानं उभी राहिली. वहिनीनं तिला भिंतीपाशी नेलं. "हे नाक आहे असं समजा. कोपर टेकवा. आता पंजा पुढे करा, चौकट धरायचा तसा." आईनं कोपर टेकवलं, हात लांब केला, बोटं जणू खरंच चौकटीवर मिटली. वहिनी माझ्याकडे वळली. "टेप."

आईच्या बाहीची मापं मी आजवर कितीदा घेतली असतील! त्या दिवशी त्याच हाताचं, त्याच टेपनं, कोपरापासून पंजापर्यंत भिंतीचं माप घेतलं. मग तिची चार बोटं जोडून त्यांची रुंदी घेतली, नाक तेवढं बाहेर होतं. आई अवघडून उभी होती, पण तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं होतं. "अगं, जरा सैल ठेव हो," म्हणाली. शिवायला टाकताना नेहमी म्हणायची तसंच.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं त्या जागी एक बुटका, चार बोटांचा खांब घातला. त्यानंतरच्या सकाळी ऑफिसात गेली तर गायब. साहेबांनी काढला होता. साहेब म्हणजे तिथले आर्किटेक्ट, वयानं वहिनीपेक्षा लहान आणि स्वभावानं सज्जन. ते सॉफ्टवेअर अधूनमधून सगळ्या इमारतीची तपासणी करतं, त्यात हा खांब पकडला गेला होता. वर काही नाही, खाली काही नाही, भार घेत नाही, मग उभा कशाला? साहेबांनी साफ केलं आणि वर तिलाच सांगितलं, "तुमच्याकडून चुकून राहिला होता. मी काढून टाकलाय, काळजी करू नका."

वहिनीनं सगळं सांगितलं. साहेब डोक्याला हात लावून बसले. "भिंतीताई, खांब लपवा म्हणून लोक आपल्या मागे लागतात, आणि तुम्ही नसलेला खांब दाखवायला निघालात!" मग स्क्रीन आपल्याकडे वळवून म्हणाले, "खांब म्हणून नका घालू. भिंत म्हणूनच घाला. तेवढ्याच तुकड्याला विटेचा जास्तीचा थर. भिंतीला किती थर असावेत यावर सॉफ्टवेअर काही बोलत नाही."

तसं केलं. सॉफ्टवेअर एक शब्द बोललं नाही. पण भिंतीची नवी जात झाली म्हणजे तिला नाव द्यायला हवं. बाकीच्या भिंतींची नावं आकड्यांची. वहिनीनं तिथं लिहिलं, "आई". साहेबांनी पुढे सगळं तपासलं, पण त्या नावाला हात लावला नाही.

इमारत उभी राहिली. प्लास्टर सुरू झालं असं कळलं तेव्हा सुट्टीच्या दिवशी मी आणि वहिनी बघायला गेलो. जिन्यात वाळू, दोऱ्या, रंगाचे रिकामे डबे. वर गेलो. बोळात शिरलो. डावी भिंत इस्त्री मारल्यासारखी सरळ.

गवंडी मागून आला. मिशाळ, जाडजूड, अंगभर सिमेंट. मोठ्या अभिमानानं म्हणाला, "ताई, तुमच्या ड्रॉइंगमध्ये घोळ होता. विटा बाहेर आल्या होत्या इथं. मी तोडून सरळ केलं सगळं. हात फिरवून बघा, कुठे अडकला तर सांगा!"

वहिनीनं हात फिरवला. कुठेच अडकला नाही. आणि मग वहिनी ओरडली.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला? कुणी सांगितलं होतं सरळ करायला? ड्रॉइंगमध्ये नाव लिहिलंय तिथं! नाव लिहून दिलंय मी! प्रत्येकाला आपलं सरळच करायचंय, विचारायचं म्हणून नाही!"

रिकाम्या घरात तो आवाज असा घुमला की वरच्या मजल्यावरची ठोकाठोक बंद पडली. मी तिला इतक्या वर्षांत आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. एरवी भांडणात मी सगळ्यात पुढे, पण तेव्हा माझी बोलतीच बंद झाली. वहिनी तिथल्याच सिमेंटच्या पोत्यावर बसली आणि ओंजळीत तोंड घालून हमसून हमसून रडायला लागली. "सगळ्यात आधी मीच सरळ केलं होतं गं," एवढंच म्हणत होती.

गवंडी आधी बावरला. मग हातातली थापी खाली ठेवून तिच्यासमोर उकिडवा बसला. "ताई, काय होतं तिथं?"

तिनं सांगितलं, हुंदके देत, मागचं पुढं आणि पुढचं मागं करत. मी मध्ये मध्ये दुरुस्त करत होते. तो सगळं ऐकत राहिला. ऐकून झाल्यावर उठला, कानावरची पेन्सिल काढली आणि म्हणाला, "चौकटीपासून किती?"

मी गळ्यातली टेप काढून दिली. आईचं माप मला तोंडपाठ होतं.

त्यानं खूण केली. खालपासून वरपर्यंत रेघ मारली. मग विचारलं, "आणि कडेची धार? टोकदार ठेवू की गोल?"

वहिनी गोंधळली. स्क्रीनवर ती कड काटकोनात होती. तिथं सगळ्याच कडा काटकोनात असतात. पण जुनं नाक तसं नव्हतं. त्याच्यावर वर्षानुवर्षं आमच्या सगळ्यांचे हात फिरले होते, खांदे घासले होते. तिनं डोळे मिटले. उजव्या हातानं डावं कोपर धरलं आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली.

"बोथट," ती म्हणाली. "लागलं की कळ जाईल, पण खरचटणार नाही. इतकं."

"समजलं," गवंडी म्हणाला, आणि त्यानं कसलीही शंका काढली नाही.

आम्ही राहायला आलो त्या दिवशी माणसं, खोकी, दोऱ्या यांचा नुसता गोंधळ होता. दादानं आईला हात धरून आणलं आणि पलंगावर बसवलं. आईनं पलंग चाचपला, खिडकीच्या बाजूला हात नेला, हवा कुठून येते ते बघितलं. म्हणाली, "छान आहे." आणि बसून राहिली.

आम्ही सगळे उगाचच काम करत होतो. मी एकच खोकं तीनदा उघडलं. दादा स्क्रू शोधत होता, कुठला ते त्यालाच ठाऊक. चहाची वेळ झाली, वहिनीनं चहा केला, आईला हातात नेऊन दिला. आईनं तो घेतला. "दमले गं आज," म्हणाली आणि लवकर आडवी झाली. वहिनीनं धुतलेलीच भांडी परत धुतली.

मी आईच्याच खोलीत खाली अंथरूण टाकून झोपले होते. सकाळी जाग आली ती कुणीतरी माझा खांदा दाबत होतं म्हणून. वहिनी. तोंडावर बोट. तिच्या मागे दादा, एक बाही घातलेली आणि एक लोंबती, ड्यूटीवर निघायच्या तयारीत. मी आईच्या पलंगाकडे बघितलं. पलंग रिकामा होता.

आई बोळाच्या तोंडाशी उभी होती. पाठमोरी. डावा हात भिंतीवर. एक पाऊल टाकलं, थांबली. परत एक. हात भिंतीवरून सरकत होता, नव्या रंगावरून, अगदी हळू. दादा पुढे व्हायला लागला तर वहिनीनं त्याची लोंबती बाही घट्ट धरून ठेवली.

हात नाकाला लागला.

आईचा सगळा देह थांबला. मग तिची बोटं त्याच्यावर फिरली, वरून खाली, खालून वर, कडेवरून तर पुन्हा पुन्हा. तिनं त्याच्यावर पंजा ठेवला आणि हलकेच थोपटलं. काहीतरी पुटपुटली, ते आम्हाला ऐकू आलं नाही. मला वाटतं, बाबांना काहीतरी सांगत असणार. मग तिनं कोपर टेकवलं, हात लांब केला, पंजा चौकटीवर पडला, आणि आई वळून आत गेली.

आम्ही तिघंही जागचे हललो नाही. आतून नळाचा आवाज आला. भांडं ठेवल्याचा आला. मग लायटरचा, एकदा, दोनदा, आणि शेगडी पेटल्याचा भक्कन आवाज. दादाच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याच्या लक्षातही नव्हतं. मी तर तोंडात पदर कोंबला होता.

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "अगं, साखर कुठाय?"

"आले, आई!" म्हणत वहिनी धावली. डोळे भरलेले, पुढचं काही दिसत नसणार. खाडकन कोपर बसलं. "आई गं!" करून ती तिथंच वाकली.

मग ओट्याकडून आईनं विचारलं, "बसला का?"

वहिनी कोपर धरून उभी होती. रडत होती की हसत होती, ते मला त्या दिवशीही कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही.

"बसला, आई," ती म्हणाली.

"मग झालं तर. घर आपलंच आहे," आई म्हणाली. "आता साखर दे, पाणी उकळतंय."